आन मोहल्ला

नंदिनी उंदिरवाडेला राग आला की ती ओरडत नाही. ती की-बोर्ड उचलते, उलटा करते आणि टेबलाच्या कडेवर ठोकून त्यातला कचरा झाडते. एवढं दिसलं की तिचा मालक कुलदीप चहा सांगून येतो म्हणून जिना उतरतो, आणि चहा वर येऊन थंड झाला तरी स्वतः वर येत नाही. त्या मोहफुलं पडायच्या दिवसांत तो की-बोर्ड इतका झाडून झाला होता की त्यात कचरा म्हणून काही उरलंच नव्हतं. राग मात्र होता तेवढाच होता.

आणि का नसावा? माणसानं रक्त आटवून एखादं काम करावं, तेच काम आपल्या आईच्या जिवावर उठावं, आणि वर चूक कुठं आहे ते कोणाच्या बापाला सापडू नये, म्हटल्यावर डोकं ठिकाणावर राहील कसं?

काम हत्तींचं होतं. कुरखेड्याच्या बाजूला रानटी हत्ती हिंडायला लागल्यापासून तिकडच्या गावांची झोप उडाली होती. काही गावांनी मिळून एक समिती केली आणि समितीनं ब्रह्मपुरीच्या कुलदीपला गाठलं. कुलदीपची कंपनी म्हणजे मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तो, नंदिनी आणि राइस मिलवाल्यांसाठी बनवलेलं एक सॉफ्टवेअर, एवढाच संसार. त्यात हे हत्तींचं काम आलं. रानात नजर ठेवणाऱ्या पोरांनी गावातल्या एका माणसाला कळवायचं, त्यानं मोबाईलवरचं बटण दाबायचं, की गावात घरोघरी फोन वाजणार. उचलला की नंदिनीचाच भरून ठेवलेला आवाज ऐकू यायचा: "हत्ती गावाजवळ आले हायेत जी. रानात जाऊ नका, मोह वेचाले जाऊ नका."

पहिलं गाव घेतलं ते पिंपळझोरा, म्हणजे नंदिनीचंच गाव. गावात बटण दाबायचं काम इसरूभाऊकडं. इसरू गावातला कर्ता माणूस. कुठंही चार लोक जमवायचे असले की इसरूच जमवणार.

नंदिनीची आई सोनीबाई त्याच गावात, बोडीच्या पल्याडच्या बौद्ध मोहल्ल्यात राहते. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. अल्याड गाव, पल्याड मोहल्ला आणि मोहल्ल्याला लागून रान. मोह पडायला लागला की सोनीबाई तांबडं फुटायच्या आत टोपली घेऊन निघते. साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण मोह सोडायची नाही. लेक म्हणते मी पैसे पाठवते, तू घरी बस. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "बसून का करू? भिताड पाहू?"

आईला लेकीच्या फोनचं कोण कौतुक. विहारात, हातपंपावर, कोणी विचारो न विचारो, ती सांगत सुटायची की हत्तीचा फोन माया पोरीनं बनवला. आणि खरी गोम इथंच होती. सोनीबाईनं आपल्यापुरता नियम करून टाकला होता. फोन वाजला तर जायचं नाही, नाही वाजला तर बिनघोर जायचं. तो साधा बटणांचा फोन ती गळ्यात दोरीनं अडकवून हिंडायची. आणि तो वाजतच नव्हता. अल्याडच्या गावात घरोघरी वाजायचा. पल्याड मोहल्ल्यात एकाही घरात वाजायचा नाही.

पहिल्यांदा हे कळलं ते कमळाकाकूमुळं. कमळा म्हणजे नंदिनीच्या चुलत्याची बायको. सोनीबाई आणि ती एकाच झाडाखाली मोह वेचायच्या. त्या सकाळी गावात फोन वाजले, मोहल्ल्यात वाजले नाहीत, दोघी गेल्या. धुक्यात समोर भिंतीसारखं काहीतरी हललं. सोनीबाई झाडामागं सरकली. कमळा पळाली ती थेट धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, आडवी झाली आणि हात मोडून बसली. हत्तीनं टोपलीतला मोह खाल्ला, टोपली चेपली आणि निघून गेला. दैव बलवत्तर म्हणायचं, दुसरं काय.

पण पुढं जे झालं त्यानं नंदिनीचं डोकं जास्त फिरलं. गावात बोलणं सुरू झालं की फोन गेल्यावरही या बाया रानात गेल्या. इसरूभाऊनं मोबाईल पुढं केला. त्यात नंदिनीच्याच सॉफ्टवेअरचा अहवाल होता, आणि त्यात लिहून होतं: सर्वांना कळवले. कमळाकाकू मोडका हात गळ्यात बांधून रडली की मले फोन आलाच नाई. कोण ऐकतो? यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात. बाई बोलते.

नंदिनीनं त्या दिवशी आईला फोन लावला.

"आई, उद्यापासून रानात जाऊ नको."

"काऊन? फोन येईन ना तुया."

"त्या फोनचाच भरोसा नाई म्हनून त सांगून राह्यली."

"तुयं काम हाय माय. तुयं कसं चुकन?"

आता या बाईला काय सांगावं? पुण्यात दोन वर्षं नोकरी केली तेव्हा तिथले लोक नंदिनीच्या मले-तुलेला हसायचे, शाळेत आडनावावरून उंदीर-उंदीर करून छळायचे, ते सगळं तिनं पचवलं. पण आपल्यावर आईचा एवढा विश्वास आहे, हे तिला पचेना. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं शोध सुरू केला. नंदिनीनं कॉम्प्युटर शिकायला काय काय केलं ते सांगत बसलो तर हे बाजूला राहील. एवढंच सांगतो की बापानं, सोमाजीनं, राइस मिलमध्ये पोती वाहिली आणि पोरीला रोज वडशाच्या एसटीनं ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पाठवलं. तिला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा अशी येते जशी आईला मोहाची झाडं येतात. तो बाप गेल्यावर ती पुणं सोडून परत आली, कारण आई गाव सोडेना. अशी पोर चूक सापडेपर्यंत गप्प बसणारी नव्हती.

तिनं मोहल्ल्याचे नंबर तपासले. बरोबर होते. मग फक्त मोहल्ल्याला फोन लावून पाहिले. आईचा वाजला. कमळाकाकूचा वाजला. झाडून सगळ्या घरांत वाजले. मग फक्त अल्याडच्या गावाला लावून पाहिले. तिथंही वाजले, आणि पोलीस पाटलानं फोन करून विचारलं की हत्ती दुपारचे कसे आले.

कुलदीपनं हे ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"दोन्ही येगयेगळे चालून राह्यले ना?"

"चालून राह्यले."

"मंग तुया कोड बरोबर हाय. तिकडचं नेटवर्क गंडलं असन."

"नेटवर्क बोडीच्या अल्याड असते आन पल्याड नसते का, कुलदीपभाऊ? बोडी हाय ते, समुद्र नाई."

"मंग लोकं फोन बंद करून झोपत असतीन."

"सारा मोहल्ला? रोज?"

कुलदीप चहा सांगायला खाली गेला. माणूस वाईट नाही तो. कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढं होता, वेळेवर पगार देतो. पण चालत्या गाडीला हात लावायचा नाही, हा त्याचा धर्म. समितीसमोर पहिल्यांदा काम दाखवलं तेव्हा एका चुकीच्या नंबरवर सगळं अडकून पडलं होतं आणि चारचौघांत त्याची फजिती झाली होती. तेव्हापासून त्यानं सॉफ्टवेअरला शिकवून ठेवलं होतं की जे कळणार नाही ते सोडून द्यायचं, बोंब मारायची नाही, पुढं चालायचं. नंदिनीनं तेव्हाही म्हटलं होतं की हे बरं नाही. तो म्हणाला होता, लोकांपुढं बंद पडण्यापेक्षा बरं.

पुढच्या सकाळी परत तेच झालं. हत्ती आले, गावात फोन वाजले, मोहल्ला कोरडा. सोनीबाई गेली आणि सुखरूप आली, पण येताना तिला वाटेत हत्तीची ताजी लीद दिसली. तिनं ते लेकीला गंमत म्हणून सांगितलं. नंदिनीनं की-बोर्ड झाडला नाही. पिशवीत लॅपटॉप टाकला आणि बस गाठली.

बसमध्ये तिनं मांडीवर लॅपटॉप उघडून ती ओळ पुन्हा वाचली. सगळा फोनचा मामला त्या एका ओळीवर चालायचा. फोन लाव, मग कंस, कंसात घरांची नावं एकामागं एक, मधे स्वल्पविराम. पोलीस पाटील, सरपंच, इसरूभाऊ, दुकानवाले, अशी पुऱ्या गावाची नावं, आणि शेवटच्या स्वल्पविरामानंतर मोहल्ला. ओळ वाचताना कुठंही खटकत नव्हती. इतकी सरळ, इतकी ओळखीची होती की डोळा त्यावरून घसरत पुढं जायचा. वडसा आलं, गेलं. तिनं वैतागून लॅपटॉप मिटला. शेजारची बाई म्हणाली, "पेपरात नापास झाली का वो?"

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. आधी इसरूभाऊला गाठलं. तो बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जाळं निसत होता.

"इसरूभाऊ, खरं सांगा. मोहल्ल्याले सोडून बटन दाबत असान तुमी."

इसरूला हे लागलं. "मोहल्ल्याचं येगळं बटन हायच कुठी बाई? येकच बटन हाय. तेच दाबतो मी."

"मंग मोहल्ल्यात काऊन वाजत नाई?"

"ते मले का मालूम? मी त नावं सांगतली तवाच सांगतलं होतं. कुलदीपभाऊनं फोनवर इचारलं, कोनाकोनाले लावाचं. मी आवतनाच्या रीतीनं येकयेक घर सांगत गेलो. पाटील, सरपंच, आमचं घर, पुरं गाव सांगतलं. आन मोहल्ला. सुटला का मोहल्ला? नाई सुटला. शेवटी सांगतला, पन सांगतला."

नंदिनी त्याच्याकडं बघत राहिली. इसरूनं जाळ्यातला काटा काढला आणि फेकला. त्याला वाटलं, पोरगी भांडणार.

आवतनाची रीत तिला कोणी सांगायला नको होती. पिंपळझोऱ्यात लग्न असो, तेरवी असो, ग्रामसभा असो, बोलावणं द्यायची पद्धत एकच. अल्याडच्या गावात माणूस घरोघरी जातो, दारात उभा राहतो, घरच्या कर्त्याचं नाव घेऊन सांगतो. मग शेवटी बोडीच्या पाळीवर येतो आणि पल्याड जो पहिला दिसेल त्याला हाक मारतो की मोहल्ल्याले आवतन हाय जी. झालं काम. पुढं त्या दिसलेल्या माणसानं घरोघरी सांगत फिरायचं. सोनीबाईचं घर पाळीसमोर पहिलं, म्हणून तो माणूस बहुतेक वेळा सोमाजीच असायचा. पोती वाहून आलेला, पाठ धरलेला सोमाजी अर्ध्या जेवणावरून उठून मोहल्लाभर सांगत फिरायचा, आणि लहान नंदिनी त्याचं बोट धरून मागं.

आणि एकदा सोमाजी मिलमध्ये होता, सोनीबाई धान कापायला गेली होती, घराला कुलूप होतं. पाळीवरून हाक मारणाऱ्यानं हाक मारली आणि निघून गेला. ग्रामसभा झाली, मोहल्ल्यातून कोणी गेलं नाही, मोहल्ल्याची नळाची लाइन दुसरीकडं वळली. विचारायला गेले तर सांगितलं की मोहल्ल्याले कळवलं होतं. सोमाजी कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी अंगणात उभा राहून म्हणाला होता, "कुलपाले आवतन देऊन गेले. कुलूप का घरोघरी सांगत फिरते?"

नंदिनी पाळीवर बसली आणि तिथंच लॅपटॉप उघडला.

सांगतो काय झालं होतं ते. त्या फोनवाल्या ओळीची एक सोय असते. कंसात किती नावं द्यायची याचं बंधन नाही. एक द्या, पन्नास द्या, सुटी सुटी द्या, ती घेते आणि एकेकाला फोन लावते. किंवा सुटी नावं न देता सगळ्या नावांची एक मोळी बांधून द्या. प्रोग्रॅमवाले तिला अ‍ॅरे म्हणतात. कंसात नुसती मोळी दिली तर ती ओळ स्वतःच दोरी सोडते आणि आतली एकेक काडी काढून घेते. म्हणून नंदिनीनं नुसती मोहल्ल्याची मोळी देऊन पाहिली तेव्हा घराघरात फोन वाजले. नुसती गावाची सुटी नावं दिली तेव्हाही वाजले. पण सुटी नावं आणि मोळी एकाच कंसात दिली की गाडी रुतते. मग मोळी कोणी सोडत नाही. पाटील एक नाव, सरपंच एक नाव, तशी ती पुरी मोळी म्हणजे आणखी एक नाव, असं यंत्र समजतं. त्या मोळीला फोन लावायला जातं. मोळीला कुठला आला नंबर? आणि कुलदीपनं तर शिकवूनच ठेवलेलं, कळलं नाही तर बोंब मारायची नाही. मग यंत्र मोहल्ला सोडून द्यायचं आणि खाली लिहायचं, सर्वांना कळवले.

कंसात फक्त नंबरच चालतील असं ठरवून ठेवलं असतं तर यंत्रानं लिहिता लिहिताच हात धरला असता. पण काही नंबर शब्दांच्या रूपात यायचे, काही आकड्यांच्या, म्हणून कुलदीपनं दार सताड उघडं ठेवलं होतं. काहीही द्या, घेतो. ज्याला काहीही चालतं त्याला चूक दिसणार कशी?

पण नंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती कुलदीपमुळं नाही. ती मोळी तिनं स्वतः बांधली होती. त्या दिवशी कुलदीप इसरूकडून ऐकून गावाची नावं टाइप करत होता, आणि मोहल्ल्यापाशी आल्यावर म्हणाला होता, "नंदिनी, तुया मोहल्ल्याचे नंबर तुयाजवळच असतीन, दे ना बांधून." तिनं दिले बांधून. प्रत्येक घर तिला पाठ होतं. आईचं, कमळाकाकूचं, विहाराजवळची सगळी. आणि त्या मोळीला नाव तिनंच दिलं होतं, मोहल्ला. मग कुलदीपनं ते शेवटच्या स्वल्पविरामानंतर चिकटवलं आणि तिनं पन्नासदा वाचूनही तिला ते कधी खटकलं नाही. खटकणार कसं? जन्मल्यापासून तिनं असंच ऐकलं होतं. गावाची घरं नावानं, आन मोहल्ला. पुण्याच्या कोणा प्रोग्रॅमरला ती ओळ दाखवली असती तर त्यानं विचारलं असतं की हे शेवटचं असं वेगळं का. तिनं विचारलं नाही. बापाला सगळी हयात जे सलत होतं ते तिनं आपल्या हातानं यंत्राला शिकवलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि इसरूसमोर आलं म्हणून आणखी चीड आली.

"काय झालं बाई?" इसरू म्हणाला. "माया हातून चुकलं का काई?"

"तुमच्या नाई," ती म्हणाली. "सवयीच्या."

इसरूला काही उमगलं नाही, पण तो जाळं बाजूला ठेवून बसून राहिला.

तिनं कुलदीपला फोन लावला. चूक सांगितली.

"बरं, सोमवारी पाहू," कुलदीप म्हणाला. "आत्ता हात लावू नको. गाव चालून राह्यलं ना? मोहल्ल्यापायी गाव बंद पडलं त समिती मायी चामडी काढन."

"सोमवारपर्यंत हत्ती थांबतीन का?"

"तू आईले सांग ना फोन करून, नको जाऊ म्हनून."

"आन बाकीच्या घराइले? पाळीवर उभी राहून हाक मारू?"

त्यानं काय उत्तर दिलं ते तिनं ऐकलं नाही, कारण फोन कापला होता. तिनंच कापला होता.

दिवस कलायला लागला होता. आईच्या ओट्यावर बसून, मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून तिनं ती ओळ मोडली. गावाची सुटी नावं काढली, मोहल्ल्याची मोळी सोडली, आणि सगळी घरं एकाच यादीत एकाखाली एक लिहिली. क्रम लावताना थोडी थांबली. मग ज्याचं घर रानाला जवळ ते आधी, असा लावला. कंसात आता ती एकच यादी, बाकी काही नाही. आणि दारही अरुंद केलं. आता नंबर सोडून दुसरं काही आलं तर घ्यायचं नाही, मोठ्यानं सांगायचं. कोणालाही न विचारता तिनं ते चालू केलं. करून पाहायला फोन लावले नाहीत. खोट्या फोनांनी आधीच पुरेसा गोंधळ झाला होता, आणि लांडगा आला रे आला झालं की खऱ्या फोनालाही कोणी उठणार नव्हतं.

सोनीबाईनं भात वाढला. "एवढी काऊन तापली? चुकन त चुकन. मानूसच हाय."

"कालपरंत त मनत होती, तुयं चुकत नाई."

"नाईच चुकत," सोनीबाई म्हणाली आणि वरण वाढलं.

पहाटे नंदिनीला जाग आली ती टोपलीच्या आवाजानं. आई निघाली होती. गळ्यात फोन, कमरेला पदर.

"आई, आज नको."

"फोन नाई वाजला."

"कदाचित नाईच वाजनार. मी बदल केला हाय, चालते का नाई मलेच मालूम नाई."

"वाजन ना मंग, हत्ती आले त. नसन वाजला त नसतीन आले." आणि सोनीबाई उंबरा ओलांडून गेलीसुद्धा.

नंदिनी अनवाणी मागं धावली. बाहेर अजून नीट दिसत नव्हतं. मोहाचा वास मोहल्लाभर पसरला होता. आज सडा पडलेला असणार. दोन घरं सोडून आणखी एक बाई टोपली घेऊन निघत होती. ना फोन, ना आवाज. या गप्पपणाचा अर्थ काय घ्यायचा? हत्ती नाहीत, की आपलं काम परत तोंडावर आपटलं? तिनं आईचा हात धरला. आईनं सोडवला. तिनं परत धरला.

"पोरी, उजाडते ना. मोह लोकं घेऊन जातीन."

"जाऊ दे."

"का येडी हायेस?"

"हाव, हाय."

आणि सोनीबाईच्या गळ्यातला फोन वाजला.

ती थांबली. बटण दाबून कानाला लावला, आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीचाच आवाज त्यातून ऐकू लागली. तोवर विहाराजवळच्या घरात वाजला. मग कमळाकाकूच्या. मग मागच्या ओळीत, एका घरातून दुसऱ्या घरात, हातपंपापर्यंत. टोपलीवाली बाई अर्ध्या वाटेवरून मागं फिरली. दारं उघडायला लागली. बोडीच्या अल्याड गावात फोन वाजले ते त्यानंतर. थोड्या वेळानं रानाच्या अंगाला फांदी मोडल्याचा आवाज आला, आईच्या मोहाच्या झाडाच्या दिशेनं.

सोनीबाई ऐकत उभी होती. "मनलं नव्हतं का," ती म्हणाली, "तुयं चुकत नाई."

नंदिनीला ओरडून सांगावंसं वाटत होतं की चुकलं होतं, पुरं चुकलं होतं, तू नशिबानं उभी आहेस. तिनं नुसती आईच्या हातातली टोपली घेतली.

कमळाकाकू दारात आली. पट्टी बांधलेला हात छातीशी, दुसऱ्या हातात फोन. "मले आला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आज आला. पाहून घ्या. आला असता त मी गेली नसती ना त्या दिवशी." ती फोन बंद करायला तयार नव्हती, तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

चांगलं उजाडल्यावर कुलदीपचा फोन आला. आवाज चढलेला.

"अवो, पोलीस पाटील मले झापून राह्यला. मने त्याच्याआंधी मोहल्ल्यात वाजला. का केलं तू?"

"रान कोनाच्या जवळ हाय, कुलदीपभाऊ?"

"ते ठीक हाय. पन मी कोड उघडून बसलो हाय. याच्यातला मोहल्ला कुठी गेला? मले सापडूनच नाई राह्यला."

नंदिनीनं समोर पाहिलं. बाया अजून दारादारात उभ्या होत्या.

"नाई सापडनार," ती म्हणाली. "सोडला तो. आता घरं लिहिली हायेत, नावानं."

"आन मोहल्ला?"

"मोहल्ला नाई."

तिनं फोन ठेवला आणि आईची रिकामी टोपली आत नेऊन खुंटीला अडकवली.